पाय टेकायला जागा नाही

(तारांगणाचा ध्वनिमुद्रण कक्ष. मुलांच्या कार्यक्रमाचं निवेदन वाचायला बाबा मायक्रोफोनसमोर, ते लिहिणारी मुलगी शेजारी, रेकॉर्डिस्ट काचेपलीकडे.)

मुलगी : बाबा, पुन्हा तेच. ‘जमिनीवर पाऊल ठेवताच’ असं मी कुठे लिहिलंय?

बाबा : नाही लिहिलंस, म्हणून तर मी घातलं. अख्खा जन्म रेडिओत गेला माझा. ऐकणाऱ्याला आधी कुठेतरी उभं करायचं, मग आजूबाजूचं दाखवायचं.

मुलगी : अहो, तिथे उभं राहायला काही नाहीच. दूरच्या ताऱ्याभोवतीचा एवढा अवाढव्य ग्रह, पण नुसता वायू. आत जावं तसा दाट होतो, तापतो. पाय म्हणून टेकत नाही.

बाबा : खाली काहीतरी असेल की.

मुलगी : असलं तरी तिथवर पोचतो कोण? वाटेतच चुरा होतो.

बाबा : मग पोरांना काय सांगू? या, बसा, चुरा व्हा?

रेकॉर्डिस्ट : काका, घाई करतोय असं नाही. पण तारांगणाच्या साहेबांचा परत फोन आला होता. आज जमलं नाही तर संगणकाचा आवाज लावणार म्हणाले.

बाबा : लावा. तो बिचारा अडखळणार तरी नाही.

मुलगी : लावा काय लावा? तुमच्यासाठी किती जणांशी वाकडं घेतलंय मी. रिटायर झाल्यापासून घरात भिंतींना बातम्या सांगताय, आई रडकुंडीला आलीय. आणि इथे येऊन माझ्या ग्रहाला जमीन जोडताय.

बाबा : तुझा ग्रह.

मुलगी : हो, माझाच. त्याचा अभ्यास करता करता डोळे फुटायची वेळ आली माझी. नीट वाचा ना. एका बाजूला कायम दिवस, दुसरीकडे कायम रात्र. हवेतल्या वाळूच्या कणांचीसुद्धा वाफ होते, वाफेचे ढग होतात, आणि वारा ते ढग ओढत नेतो. एवढं असताना तुम्हाला जमीन कशाला हवी?

बाबा : वाचलं की हे सगळं. नुसती माहिती झाली. अंधारात बसलेलं पोर घाबरून बाहेर जाईल.

मुलगी : घाबरू दे. घाबरण्यासारखंच आहे तिथे.

बाबा : घाबरव की, माझी ना नाही. पण एकटं पाडून नाही घाबरवायचं गं. लहानपणी वीज गेली की जिना उतरायची नाहीस तू. पायरी दिसत नाही म्हणून भोकाड पसरायचीस.

मुलगी : बाबा, वेळ नाहीये.

बाबा : पायरी मलाही दिसायची नाही. मग मी काय करायचो?

मुलगी : हात द्यायचात. आणि काहीबाही बोलत राहायचात, खालपर्यंत.

बाबा : बरं. जमीन काढली, जा. अरे, सुरू कर रे.

रेकॉर्डिस्ट : सुरूच आहे, काका.

बाबा : ‘माझा हात धरा. इथून पुढे पाय टेकायला जागा नाही. अंधार वाढेल, उकाडा वाढेल, आणि तळ काही येणार नाही. घाबरलात तर घाबरा. मी बोलत राहतो.’ ...काय गं, बसतं का तुझ्या शास्त्रात?

मुलगी : बसतं.

रेकॉर्डिस्ट : काका, शेवटी आवाज जरासा हलला. परत घेऊ या?

मुलगी : नको. तसाच राहू दे.