नळीतली गोळी

"बाबा, तुमची बोटं कशानं गेली?" मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून दवाखान्याच्या रांगेतल्या धनगरबाबांना मी विचारलंच!

"ठासणीच्या बंदुकीनं, पोरी. नळीत गोळी अडकल्याली. शिसं वितळंल म्हनून निखाऱ्यावर धरली."

"आत दारू हाय, म्हनत व्हते की मी," त्यांची बायको म्हणाली.

"ईस वर्सांची दारू. मेली आसंल वाटलं."

"आदी पानी वता, म्हनलं. दारू भिजली आसती, मग गोळी काडायची."

"नळीला गंज चडला आसता की."

"चडू द्यायचा. आपल्या लेकीचं डोळं तरी ऱ्हायलं आसतं."

बाबांनी तुटक्या बोटांचा हात घोंगडीत ओढून घेतला.

घरी येऊन मी आई-वडिलांना सांगितलं, "आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीतही गोळी अडकलीय ना? उद्या खंडेनवमीच्या शस्त्रपूजेआधी मी तिच्यात पाणी ओतणार. गंजली तर गंजू दे."