वरच्या पायरीवर

वाईच्या घाटावर आज कीर्तन होतं, म्हणून राहीबाई उंब्रजला एसटीच्या रांगेत उभ्या होत्या. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये हे त्यांना कळत होतं. पण कान कीर्तनाला सरावलेले, शब्द सुटेना. पुढं एक बाई आणि तिच्या नवऱ्याचा मित्र बोलत होते.

“वैनी, एकट्याच? शंभूराज न्हाई आला?”

“चाकाच्या खुर्चीवरनं कसं येत्याल, भावजी? घाटाला बावीस पायऱ्या. मोजून आले मागल्या एकादशीला.”

“आवं, आमी चौघं हाय की! गेल्या साली नेला तसा उचलून न्यायचा.”

“तवापासनंच उंबऱ्याभाईर आलं न्हाईत.”

“का वो? खुर्ची हलू बी दिली न्हाई आमी.”

“चौघांच्या खांद्यावर खुर्ची. म्होरं टाळ, मागनं माणसं रामकृष्णहरी म्हणत्यात. घरी येऊन म्हणालं, माझी शेवटची यात्रा मी जित्यापणी बघितली.”

“आमी लय हौसेनं उचललं हुतं, वैनी.”

“ठावं हाय त्यांना. म्हणून तर तुमाला बोललं न्हाईत.”

“मग आता?”

“पायऱ्यांच्या वर सपाट जागा हाय, तितवर रिक्षा जाती. आज तितं बसून बघते, कीर्तन ऐकू येतंय का. आलं, तर पुढल्या खेपंला त्यांना आणते.”

“आन् न्हाई आलं तर?”

“तरी येतंय म्हणूनच सांगीन. सीमेवर हुतं तवा, ‘हितं समदं बरं हाय’ म्हणून फोनवर ते बी असंच सांगायचं.”