पेटीचा भाता आणि स्थळ

मला बघायला आले होते तेव्हाची गोष्ट सांगते. डिंगोऱ्याहून मुलगा, त्याचे आईवडील आणि चुलते सकाळी आमच्याकडे निरगुडसरला आले. चुलत्यांनी विचारलं, "पोरगी करती काय?"

मी सांगितलं, "शाळेत संगीत शिकवते, घरी क्लास घेते, लग्नांत कीबोर्ड वाजवते आणि पेट्या दुरुस्त करते."

"म्हंजी पक्कं असं कायच न्हाई."

आईचा चेहरा पडला. मी म्हटलं, "सगळंच पक्कं आहे, काका."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांच्या भजनी मंडळाच्या पेटीचा भाता फाटला होता आणि संध्याकाळी भजन होतं. पलीकडचा माणूस एवढ्या मोठ्यानं बोलत होता की सगळ्यांना ऐकू आलं. "निरगुडसरला एक मॅडम हायेत. लई चांगलं काम करत्यात. तिकडं नेऊ का?"

काका माझ्याकडं बघत फोनवर म्हणाले, "आण. मी त्यांच्याच घरी बसलोय."

दुपारी मी भाता चिकटवत होते तेव्हा मुलगा शेजारी येऊन बसला. हळूच म्हणाला, "मला पेटी शिकवाल का?"

"सोमवारी क्लासला या," मी म्हटलं. "स्थळाचं नंतर बघू."

लग्न झालं. सरगम अजून कच्चीच आहे त्याची.