दाजींचं आमेन

सत्यशीला : चहा घ्या पाळकसाहेब, पन माफीचा विषय काढू नका. माज्या नवऱ्यानं माज्या भावाला माफ केलं, हे मला रविवारी चर्चमधी बसल्यावर कळलं. नवऱ्यालाबी तिथंच कळलं.

पाळक : असं कसं म्हणता, सत्यशीलाबाई? त्याआधी मी याच खाटेजवळ प्रार्थना केली होती. ‘शांतवनभाऊंनी अंगदला क्षमा केली, याबद्दल तुझे आभार मानतो’, असं म्हणालो. भाऊ स्वतः आमेन म्हणाले.

सत्यशीला : तो म्हनतोच. तुमची प्रार्थना थांबली की त्याच्या तोंडून आपोआप निघतं. नाताळात तर घोरता घोरता म्हनला हुता.

पाळक : मी ते मनापासूनचं समजलो.

सत्यशीला : आन् तुमी सगळ्या मंडळीसमोर सांगून मोकळे झाले. आता बायका मला अडवून विचारत्यात, नवऱ्यानं माफ केलं, तुझंच घोडं कुठं अडलंय? बोटं गेली नवऱ्याची, खोटं बोलला भाऊ, आन् पापी कोन? मी. हिशेब लई भारी जमवला तुमी.

पाळक : कृपेत हिशेब नसतो, बाई.

सत्यशीला : वर नसंल. नागापूरच्या कारखान्यात हाय. सोमवारी चौकशी हाय तिथं. मशिनीपुढची जाळी अंगदनंच काढायला लावली, माल लवकर निघावा म्हनून. सुपरवायझर तो. आन् हात आत गेल्यावर साहेबाला म्हनतो, दाजींनी सवताच्या मनानं काढली. सोमवारी तेच कागदावर चढलं, की शांतवन घरी बसला.

पाळक : अंगद माझ्यासमोर ढसाढसा रडला. सगळं कबूल केलं त्यानं. देवापुढं.

सत्यशीला : म्हंजे जाळी कोनी काढायला लावली, हे तुमाला ठाऊक हुतं?

पाळक : ते प्रार्थनेतलं बोलणं होतं.

सत्यशीला : देवाला आदीच म्हाईत हुतं, साहेब. कारखान्याच्या साहेबाला न्हाई. ज्याला ठाऊक त्याच्यापुढं रडायचं, न्हाई त्याच्यापुढं गप बसायचं, ही कुठली कबुली?

पाळक : मी भांडायला आलो नाही. उद्या प्रभुभोजन आहे. अंगद आता मंडळीचा पंच झालाय, द्राक्षरसाच्या पेल्यांचं तबक घेऊन तोच बाकाबाकाशी येईल. तुम्ही त्याच्या हातचा पेला नाकारलात तर मंडळीत बोभाटा होईल. एवढंच सांगायला आलो होतो.

सत्यशीला : असं हाय व्हय. मला वाटलं, हाताची चौकशी करायला आले.

(अंगद दारात येऊन उभा राहतो.)

अंगद : ताई, तुजा आवाज पार रस्त्यावर येतोय. दाजी कुठंत?

सत्यशीला : पट्टी बदलायला गेलाय. तुला जायची गरज न्हाई. तुजी बोटं जिथल्या तिथं हायेत.

अंगद : किती दिवस टोचशील? म्या रडलो, गुडघे टेकले. देवानं मला मोकळं केलंय. ते तुज्या हातात न्हाई.

सत्यशीला : न्हाईच. मोकळा झालास ना? मग सोमवारचं नाव काढलं की तुजं तोंड उतरतंय कशानं?

अंगद : नोकरी जाईल माजी. पोरगा पार्थ दहावीला हाय. साहेब, तुमीच सांगा हिला. कृपा आपल्या कर्मानं मिळत न्हाई, हे तुमीच शिकवलं ना?

पाळक : शिकवलं.

अंगद : ऐकलंस?

पाळक : थांब. शिकवलं, पण अर्धं. ऐकायला गोड लागतं तेवढं. कबुली माणसांपुढंही द्यावी लागते, हे पुढचं सांगायला माझी जीभ उचलली नाही, तू नुकताच पंच झाला होतास. अंगद, उद्या तबक तू उचलायचं नाही.

अंगद : म्हंजे कृपा काढून घेतली?

पाळक : ती माझी नाही, मी कशी काढणार? तबक मंडळीचं आहे. आणि मागच्या रविवारी मी शांतवनभाऊंच्या नावानं जे बोललो ते चुकीचं होतं, हेही उद्या उभा राहून सांगणार आहे.

अंगद : वा. म्हंजे सगळे माज्याकडं बघनार. विचारतील, अंगद का न्हाई उठला.

सत्यशीला : विचारू दे. आठवडाभर मला विचारत्यात. मेले का मी?

अंगद : तुला काय, तुला फक्त जिंकायचंय.

सत्यशीला : काय जिंकनार रे? तीन बोटं? आनून दे मग.

पाळक : बाई, जरा सबुरीनं.

सत्यशीला : सबुरी बी मीच, माफी बी मीच. यानं काय करायचं, नुसतं रडायचं?

अंगद : ताई, म्या सोमवारी खरं सांगितलं, तर तू माफ करशील?

सत्यशीला : बघा साहेब, सौदा आला. न्हाई. लगेच तर न्हाईच. जमंल तवा जमंल. तवर देवाला जसं तुला सांभाळायचंय तसं मलाबी सांभाळावं लागंल. माज्या माफीसाठी जाऊ नको. जाळी तू काढायला लावलीस, म्हनून जा.

अंगद : …किती वाजता हाय?

सत्यशीला : अकराला. शांतवनला तुज्याच गाडीवर ने. मागचा दांडा त्याला धरता येत न्हाई, तुलाच धरून बसंल. हळू चालव.