जित्या लेकीच्या नावाची आंघोळ

माझं माहेर हदगावकडचं, घरी कापसाचं रान, आन आम्ही दोघी बहिणी, मी थोरली आन नंदा धाकली, ती माझी वेणी घालायची आन मी तिची. काय सांगू तुम्हाला ताई, आज नांदेडात मेसच्या पोळ्या लाटताना बी तिचंच तोंड पुढं येतं, मी सुखात राहिले आन ती माझ्या पायी भोगून राहिली.

मी बौद्धवाड्यातल्या पोराशी रजिस्टर लग्न केलं, सज्ञान होते, माझ्या मर्जीनं गेले. तर आईनं माझ्या नावानं आंघोळ केली, माणूस मेल्यावर करतात तशी, आन बापानं ठाण्यात तक्रार दिली की पोरीला पळवून नेलं. म्हंजे बघा, घरात मी मेलेली आन कोर्टात पळवलेली. हे जेलात बसून आले, मग जामीन, मग तारखा, लई तारखा.

त्यातच नंदाला बघायला नायगावचे पाव्हणे आले. पोरगा मास्तर, स्थळ चांगलं, नंदालाबी पसंत. बापानं त्यांना सांगितलं, थोरली तापानं गेली. पाव्हणे पोहे खाऊन राहिले होते आन दारात शिपाई उभा, दादा, उद्या तुमच्या थोरल्या लेकीची तारीख हाय, हजर राहा. बापाचीच केस, बापाच्याच दारात आली. पाव्हण्यांनी बशा खाली ठेवल्या न् उठले. मग नंदाला कोणी विचारीना, शेवटी भोकरच्या बिजवराला दिली, दोन लेकरांचा, तिच्याहून लई मोठा.

कोर्टात जजसायबानं मला विचारलं, बाई, कोणासंग राहायचंय, मी म्हणले, नवऱ्यासंग. हे सुटले, वकिलानं पेढे वाटले, पण मला घास उतरेना, कारण नंदाची हळद त्याच आठवड्यात लागली होती आन मला गावात पाय ठेवता येत नव्हता. हे म्हणतात, चूक तुझ्या बापाची, तुझी न्हाई. हाव, बापाचीच. पण भोगलं तर तिनंच ना. मी म्हणते, मी थांबले असते, आधी तिचं होऊ दिलं असतं, तर. आन मंग वाटतं, थांबले असते तर मलाच कुठंतरी देऊन टाकलं असतं. हे असंच डोक्यात फिरतं बघा, कणीक मळता मळता.

आन मागल्या महिन्यात नंदा माझ्या दारात उभी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, संग तिची लेक पल्लवी. वाटलं, आता शिव्या देईल, देऊ दे बाई, माझ्या वाटणीच्याच हायत. ती पाणी पिली न् म्हणाली, हिनं लातूरचा पोरगा पसंत केलाय, जात वेगळी हाय, कोर्टमॅरेज करायचंय, साक्षीदार पायजेत, भावकीतलं भेवानं कोणी येईना. तू ये. तू तर मेलेलीच हायस, तुला कोण काय करणार.

मी हसले बी आन रडले बी.

गेल्या सोमवारी सही केली. सायबानं विचारलं, नवरीच्या कोण तुम्ही, म्हणले, सख्खी मावशी. बाहेर पायरीवर मी नंदाचा हात धरला, म्हणले, नंदे, माझ्या पायी तुझं वाटोळं झालं गं. ती म्हणाली, हाव, झालं. आन पदरानं तोंड पुसून म्हणाली, चल आता, पोरं सकाळपासून उपाशी हायत.

न्हाई म्हणाली असती तर मला पटलं नसतं, ताई. पोरगी सुखात राहो, बास.