डोळ्यावरची चौकट

(गेवराईतला जुना फोटो स्टुडिओ. हिवाळ्यातली दुपार, लाईट गेलेली.)

शहादेव : लेन्सला काय बी झालेलं न्हाई, आदिनाथ.

आदिनाथ : झालंय म्हणून सांगायला तुमचं काय जातंय, उस्ताद? उजेड कमी झाला की फोकस धरत न्हाई, एवढंच. रोहिणी फोन करून विचारील तुमाला. तुमी नुसतं हो म्हणायचं.

शहादेव : चाळीस वर्सं दुकान चालवतोय. चांगल्या मालाला खराब म्हणून एका गिऱ्हाइकाला सांगितलं न्हाई. तुझ्या बहिणीला कावून सांगू? आन् आधी त्या लेन्सला टोपण लाव. बोलायच्या नादात उघडी ठेवतोस. पंधरा वर्सं झाली, अजून तेच शिकवतोय तुला.

आदिनाथ : लावलं.

शहादेव : मघाशी तुझ्यासमोर बघितलं की. दुकानाचं शटर अर्धं खाली हाय, लाईट न्हाई, तरी धरला का न्हाई फोकस? जरा पुढं-मागं झाली, पण धरला. अंधारात कुठली बी लेन्स फिरतीच. तिला धरायला काय तरी लागतं. म्हणून तर पहिल्या दिवशी सांगितलं व्हतं, काठ दाखव. लुगड्याचा काठ, फेट्याची कड, काळ्या-पांढऱ्याची हद्द. सपाट गालावर नेम धरून बसलास तर ती कशाला धरंल?

आदिनाथ : ते सगळं करून बघितलं.

छबुबाई : चहा घे आधी. अन् तुमी बी घ्या, पोराला नंतर झापा. किती वाळलाय बघा. आईला जाऊन किती दिवस झाले रे?

आदिनाथ : सव्वा महिना, मावशी.

छबुबाई : आन् रोहिणीला कशाचा फोटो पायजे?

आदिनाथ : आईचाच. शेवटचा. माणूस गेलं की आंघोळ घालून, नवं लुगडं नेसवून खुर्चीत बसवतेत ना, मागं सगळं घर उभं राहतं. तो.

छबुबाई : आमच्या सासूबाईंचा ह्यांनीच काढलाय तसा. मग दे की तिला. लेकीला नको व्हय आईचा फोटो?

आदिनाथ : न्हाई तो.

शहादेव : न्हाई म्हंजी? हलला? का कार्ड गेलं?

आदिनाथ : काढलाच न्हाई. बटन दाबलंच न्हाई मी. 'झाला' म्हणालो आन् कॅमेरा खाली घेतला. सगळ्यांना वाटलं झाला.

शहादेव : सोताच्या आईचा फोटो, आन् बटन दाबलं न्हाईस. कावून बे?

आदिनाथ : ऱ्हाऊ द्या, उस्ताद. लेन्स खराब म्हणा, विषय संपला.

छबुबाई : पोरा, खोटं बोलायला कुणी चकलांब्याहून गेवराईला येत न्हाई. ते फोनवर बी जमलं आसतं. सांगायलाच आलायस तू. सांग.

आदिनाथ : त्या दिवशी मी लिंबागणेशला लग्नाच्या ऑर्डरीला गेलतो. मोबाईल सायलेंटवर. बघितला तवा चार वाजून गेलते, रोहिणीचे अकरा मिसकॉल. आई तीनला गेली. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेली, तिथंच कलंडली. मी गाडी मारत पोचलो तर दिवस बुडायला आलता. सगळे माझ्यासाठीच थांबलेले. बंकटकाका म्हणले, अंधार व्हायच्या आत उरकायचं. आईजवळ टेकू बी दिलं न्हाई मला. कॅमेरा गळ्यातच व्हता. काका म्हणले, जगाचे फोटो काढतोस, आईचा काढ आधी.

शहादेव : उजेड कसा व्हता?

आदिनाथ : उजेड कुठला? लाईट गेलती. ओसरीत खुर्ची, मागं धुरानं काळी झालेली भिंत. फ्लॅशच्या बॅटऱ्या लग्नात संपल्या. लेन्स नुसती फिरायला लागली. आई दिसायची, पुसट व्हायची, पुन्हा दिसायची. लोकं खोळंबलेली. मला तुमचं आठवलं, काठ दाखव. आईच्या कपाळावर नेम धरला, पांढरे केस आन् कातडीची हद्द. तरी धरंना. मग रोहिणीनं मोबाईलची बॅटरी लावली. आन् मी बोललो.

छबुबाई : काय बोललास?

आदिनाथ : 'आई, इकडं बघ.'

छबुबाई : अगं माय.

आदिनाथ : सवय हो, मावशी. दिवसातून शंभर येळा म्हणतो. नवरीला, करवल्यांना, लेकराबाळांना. तोंडातून निघून गेलं. रोहिणी हुंदका देऊन खाली बसली. आन् त्याच घडीला चौकट आली.

छबुबाई : कसली चौकट?

शहादेव : नव्या कॅमेऱ्यात आसती तसली. समोरच्या माणसाचा डोळा तो सोताच हुडकतो आन् त्याच्यावर बारकी चौकट उमटवतो. मग फोकस डोळ्यावरच बसतो. आपण डोळा लावतो ना कॅमेऱ्याला, तिथं आत दिसती ती. हिरवी.

आदिनाथ : डाव्या डोळ्यावर आली. बीप वाजला. रोहिणीनं बी ऐकला.

शहादेव : मग?

आदिनाथ : मग काय. आईचे डोळे मिटलेले व्हते का उघडे, ते मला सांगता येत न्हाई. मी चौकटच बघत व्हतो, उस्ताद. फोकस लागला म्हणून खूष झालतो मी, एक सेकंद. मग कळलं कुठं लागलाय ते. बटनावरचं बोट काढून घेतलं. कॅमेरा खाली घेऊन आईकडं बघायची हिंमत झाली न्हाई. 'झाला' म्हणालो. काका म्हणले उचला. आन् अर्ध्या तासानं मीच अग्नी दिला.

छबुबाई : नाडी बघितली आसंल की कुणी.

आदिनाथ : काकांनी बघितली. नाकाशी कापूस धरला. दवाखान्यात कुणी नेलं न्हाई.

शहादेव : तीन तास झालते. अंग गार पडलेलं, ताठलेलं. त्या बायांनी आंघोळ घातली, लुगडं नेसवलं, त्यांना कळलं नसतं व्हय?

आदिनाथ : मला बी कळतंय. दिवसभर कळतंय. पाठ टेकली की चौकट येती डोळ्यापुढं. रोहिणी म्हणते, आई तुझ्याच वाटंकडं बघत गेली. मग मी आलो, हाक मारली, आन् तिनं बघितलं आसंल तर? आन् मी तिला जित्तीच...

छबुबाई : गप. तेवढं तोंडातून काढू नको.

शहादेव : तुझ्या आईला, वत्सलाबाईला, मी काय आज वळखत न्हाई. तू दहावी नापास झालास तवा तिनंच आणून सोडलं तुला हितं. म्हणली, ह्याला दुसरं काय बी जमत न्हाई, फोटो काढायला शिकवा. त्याच दिवशी तिला रेशन कार्डाचा फोटो पायजे व्हता. त्या स्टुलावर बसवली. सहा फोटो वाया घालवले तिनं. फ्लॅश उडायच्या आधीच डोळे मिटायची. मी वैतागलो.

आदिनाथ : सातव्याला उघडे आले.

शहादेव : तू त्या दारात उभा व्हतास. तू म्हणालास, आई, इकडं बघ.

आदिनाथ : तेच तर सांगतोय, उस्ताद. मी म्हणलं की ती बघायची.

छबुबाई : तुमी तर भलतीच आठवण करून दिलीत.

शहादेव : आता हे बघ. मशीन हाय ते. त्याला जितं आन् मेलेलं काय कळतंय? भुवई, पापणी, नाक, ह्याच्यावरून अंदाज लावत आसंल. मिटलेल्या डोळ्यावर बी येत आसंल चौकट. मोबाईलवर हुडकलंस का?

आदिनाथ : हुडकलं. एक म्हणतो येती, एक म्हणतो न्हाई, तिसरा म्हणतो उजेडावर हाय. कॅमेरा दिवाळीत घेतला, तीन लग्नं झाली फक्त. मी काय कुणाचे मिटलेले डोळे तपासत बसलो न्हाई.

शहादेव : मग घरीच कुणाला तरी बसवायचं समोर, डोळे मिट म्हणायचं. दोन मिनिटांचं काम.

आदिनाथ : सव्वा महिना डोळा लावला न्हाई मी त्याला. पाच लग्नं सोडली. लावायला जातो आन् हात थांबतो. न्हाई आली चौकट, तर? मग मी काय करायचं, तेवढं सांगा.

छबुबाई : न बघता बी काय करतोयस? जेवत न्हाईस, झोपत न्हाईस.

आदिनाथ : तुमी बघा, उस्ताद. मी बसतो डोळे मिटून. तुमी चांगल्या मालाला खराब म्हणत न्हाई. तुमी जे सांगाल ते मी धरून चालतो.

शहादेव : माझ्यावर कावून टाकतोस हे?

आदिनाथ : दुसरं कोण हाय मला आता?

छबुबाई : शटर ओढते मी अजून खाली.

शहादेव : बास. गुडघाभर ऱ्हाऊ दे. तेवढाच उजेड आसंल त्या ओसरीत. बस त्या स्टुलावर. मान सरळ. हात मांडीवर.

आदिनाथ : आई ह्याच्यावरच बसलती ना?

शहादेव : ह्याच्यावरच. मिट डोळे. मी सांगेस्तोवर उघडायचे न्हाईत.

आदिनाथ : मिटले.

छबुबाई : अहो...

शहादेव : तू मधी बोलू नको. हात हालतो माझा.

आदिनाथ : आली का?

शहादेव : दम धर. फिरतीय लेन्स. म्हणलं ना, अंधारात फिरतीच.

आदिनाथ : उस्ताद?

शहादेव : आली.

आदिनाथ : बीप वाजला न्हाई.

शहादेव : मघाशी तपासताना बंद केला मी. सारखा कानाशी वाजतोय. हिरवी हाय. डाव्या डोळ्यावर. मिटलेल्या डोळ्यावर, आदिनाथ.

आदिनाथ : परत बघा.

शहादेव : परत बघितलं. उजव्यावर गेली, पुन्हा डाव्यावर आली. लख्ख हाय. पापणीचे केस मोजावेत इतकी. ठेवला बघ कॅमेरा खाली. उघड आता.

आदिनाथ : म्हंजी आई गेलेलीच व्हती.

शहादेव : तीनलाच गेलती. शेंगा सोलता सोलता, कुणाला तरास न देता.

आदिनाथ : मावशी, मला रडू येतंय.

छबुबाई : येऊ दे. सव्वा महिना रडलाच नसशील तू. ये हिकडं. ये.

आदिनाथ : रोहिणीला काय सांगू आता?

शहादेव : खरं सांग. हात गळाला, फोटो निघाला न्हाई म्हणून सांग. लेन्सवर ढकलू नको. चार दिवस बोलणार न्हाई, पाचव्या दिवशी बोलंल. आन् तो सातवा फोटो हाय माझ्याकडं. निगेटिव्ह मी फेकत न्हाई. हुडकून मोठा करून देतो. डोळे उघडे हायेत त्यात.

आदिनाथ : ती गेवराईतच आलीय, नणंदेकडं. आत्ताच जाऊन सांगतो, न्हाई तर पुन्हा धीर व्हायचा न्हाई. कॅमेरा हितंच ऱ्हाऊ द्या तासभर. येताना नेतो. उद्या नारायणगडावर एकाच्या लेकराचं जावळ हाय, न्हाई म्हणलो व्हतो. हो म्हणून कळवतो.

शहादेव : कळव. आन् लेकराच्या डोळ्यावर नीट धर फोकस.

छबुबाई : वाकून जा रे. शटर लागंल डोक्याला.

शहादेव : गेला का?

छबुबाई : गेला. गाडीला किक मारताना शीळ घालत व्हता. लेन्सचं टोपण काढलंच न्हाई तुमी.

शहादेव : दिसलं व्हय तुला.

छबुबाई : समोरच तर उभी व्हते. अहो म्हणलं तर मलाच गप केलंत. इसरलात का?

शहादेव : इसरंल कसा? हात गेलता काढायला. टोपणावर बोट टेकवलं व्हतं मी.

छबुबाई : मग?

शहादेव : बघितलं आसतं आन् चौकट आली नसती, तर काय म्हणलो आसतो त्याला? न बघता खोटं बोलता आलं. बघून बोलता आलं नसतं मला. वत्सलाबाई त्याच स्टुलावर बसलती गं. सहा येळा मिटले तिनं डोळे, आन् पोराची हाक आली तवा उघडले. मीच दाबलं व्हतं बटन.

छबुबाई : खरंच येत आसंल की मिटलेल्या डोळ्यावर. तुमीच म्हणलात, मशीन हाय.

शहादेव : आसंल.

छबुबाई : मग बघून घ्या ना आता. न्हाई तर त्याच्या जागी तुमी जागणार. त्याचं भ्या उचलून सोताच्या घरात आणून ठिवलंय तुमी. कॅमेरा हाय, अंधार हाय. मी बसते स्टुलावर.

शहादेव : नको.

छबुबाई : नको काय. बसले बी. मान सरळ, हात मांडीवर. हे बघा, मिटले डोळे. काढा ते टोपण आन् सांगा मला, येती का न्हाई.

शहादेव : उठ तिथून.

छबुबाई : मी न्हाई उघडणार डोळे. तुमी बघितल्याबिगर न्हाई.

शहादेव : मला न्हाई बघायचं. डोळे उघड आधी. छबे, इकडं बघ.