डोंग्यातलं तणस

नथ्थू : अख्खा डोंगा? एकट्याले? थांबा ना जी भैयाजी, चार मानसं जमली का सोडतोच हाव मी.

भैयाजी : नको. आज मला एकट्यालाच ने. भाडं चौघांचं घे.

नथ्थू : भाड्याचं कोन म्हनते! वडश्याहून पुलावरून बस जाते. ते सोडून तुमी नदीवर आले, त्यात अख्खा डोंगा सांगून राह्यले. म्हनून पुसलो.

भैयाजी : बसमध्ये ओळखीचे भेटतात. कुठं चाललात म्हणून विचारतात.

नथ्थू : मी बी पुसतोच ना! बसा. जरा पाय वर घ्या, खालून पानी येते.

भैयाजी : भिजले. राहू दे.

नथ्थू : वापसीले किती जन?

भैयाजी : काय?

नथ्थू : वापस येतानी. तुमी एकटेच का आनखी कोनी? तसा डोंगा तयार ठेवा लागते.

भैयाजी : ते... तिकडे गेल्यावर कळेल.

नथ्थू : आँ? कोनाकडे चालले, ते तरी कळू द्या.

भैयाजी : रुखमाबाईंकडे.

नथ्थू : नाटकवाल्या रुखमाबाई? अजी, बरे आले! उद्या त्याहीचा भाचा येऊन राह्यला, गाडी घेऊन. नागपूरले नेते म्हनते, कायमचं. घराले कुलूप.

भैयाजी : माहीत आहे. म्हणूनच आज आलो.

नथ्थू : असं... असं हाय का! मंग त मी बांबू हळूहळू मारतो. तुमाले इचार कराले टाइम भेटन.

भैयाजी : विचार पुष्कळ झाला रे. विचारच झाला फक्त.

नथ्थू : तुमी त्याहीच्याच कंपनीत होते ना? मी मंडईच्या जत्रेत सबन नाटकं पायली, पहाटलोक बसून. पन तुमाले स्टेजवर कधी नाई पायलं.

भैयाजी : मी प्रॉम्प्टर होतो. विंगेत बसायचं, नट विसरला की पुढचा शब्द सांगायचा. नटाला ऐकू जावा, लोकांना जाऊ नये, इतक्याच आवाजात. मी लोकांना दिसलो असतो तर ती माझी चूकच ठरली असती.

नथ्थू : मंग आज काय म्हनाचं, ते पाठ हाय ना?

भैयाजी : तेच तर होत नाही. दुसऱ्यांची भाषणं अजून येतात. स्वतःचं म्हटलं की पुढचा शब्दच सापडत नाही.

नथ्थू : एकडाव म्हनून पाहा. मी रुखमाबाई. पदर घेतो, हे पाहा, दुपट्टा.

भैयाजी : काहीतरीच तुझं.

नथ्थू : म्हना जी! आपल्याशिवाय नदीत कोनी नाई.

भैयाजी : रुखमाबाई... मी... माझं वडशाचं घर तुम्ही पाहिलंच आहे. दोन खोल्या आहेत. एकीत पुस्तकंच आहेत, पण ती हलवता येतील. विहिरीला पाणी बारमाही आहे...

नथ्थू : तुमी घर इकून राह्यले का भाड्यानं देऊन राह्यले?

भैयाजी : बघ. म्हणून म्हणतो, वळव डोंगा.

नथ्थू : नाई वळत. अन् जरा जोरानं बोला जी! मी एवढ्या जवळ बसलो, मले अर्धंच ऐकू आलं.

भैयाजी : माझा आवाज इतकाच आहे, नथ्थू. सगळं आयुष्य कुजबुजण्यात गेलं.

नथ्थू : बरं, एक सांगा. बाई येतो म्हनली त तिले ह्या वल्या फळीवर बसवान?

भैयाजी : का? सगळे बसतात तसंच.

नथ्थू : सबन बसते, नवरी नाई बसत. नवरी न्याची असली का आमी ढिवर लोक पानी उपसतो, मंग खाली तनस अंथरतो. नव्या धानाचा सुका पेंढा, पिवळा धम्मक. माह्या बापानंबी तेच केलं. दुसऱ्या कोनासाठी नाई, पाटलासाठीबी नाई.

भैयाजी : हळू बोल. काठ आला.

नथ्थू : ते पाहा, अंगनातच बसली हाय बाई. मारा हाक इथूनच.

भैयाजी : नको, नको. मी वर जाऊन बोलतो.

(रुखमाबाईंचं अंगण घाटाला लागूनच आहे. नथ्थू खाली डोंगा धरून उभा.)

रुखमाबाई : या भैयाजी. पाय भिजवले ना? नथ्थूचा डोंगा अजून गळतेच.

भैयाजी : थोडेसे भिजले. सहजच आलो. या बाजूला जरा काम होतं.

रुखमाबाई : ह्या बाजूले तुमचं कोनतं काम?

भैयाजी : ते... तुम्हाला एक पुस्तक द्यायचं होतं. नागपूरला वाचायला होईल म्हणून.

रुखमाबाई : द्या मंग.

भैयाजी : घरीच विसरलो.

रुखमाबाई : तुमी विसरले? अख्ख्या कंपनीले आठवन देनारे तुमी! बसा खाटेवर. चहा ठेवतो.

भैयाजी : चहा नको. भाचा उद्या किती वाजता...

रुखमाबाई : सकाळीच. पेटी भरून ठेवली. चांगला हाय पोरगा. तिसऱ्या माळ्यावर घर हाय म्हनते. लिफ्ट हाय. नदी नाई दिसत.

भैयाजी : गुडघ्यांना लिफ्ट बरी.

रुखमाबाई : हो. गुडघ्यांले बरी.

नथ्थू : (खालून) भैयाजी! डोंगा कसा लावून ठेवू?

भैयाजी : थांब रे जरा!

रुखमाबाई : काय म्हनते तो?

भैयाजी : काही नाही. रुखमाबाई, माझ्या घरात दोन खोल्या... म्हणजे विहिरीला... जाऊ द्या. तुम्ही सुखरूप जा. पत्ता तेवढा कळवा.

रुखमाबाई : भैयाजी, आपलं ते जंगलबाबूचं नाटक आठवते? हिरो झालेला धनराज माह्या समोर उभा, अन् ऐन भाषनात गडी विसरला.

भैयाजी : सिंदेवाहीच्या प्रयोगात. आठवतं.

रुखमाबाई : तुमी त्याले शब्द देल्ले. "घरात तुझा आवाज नसला, की मला माझाही ऐकू येत नाही." पब्लिक गपगार झालं. मंग दर खेळाले तो तेच म्हनाले लागला.

भैयाजी : वाक्य बरं होतं, म्हणून ठेवलं त्यानं.

रुखमाबाई : ते नाटकात नोतं.

भैयाजी : पान सापडलं नाही त्या दिवशी. सुचलं ते सांगितलं.

रुखमाबाई : पान तुमच्या मांडीवरच होतं. मी पाहून राह्यलती. तुमचे डोळे कधीच पानावरून हटत नोते. त्या दिवशी ते पानावर नोते, भैयाजी.

भैयाजी : ... तुम्हाला कळलं होतं?

रुखमाबाई : मी उत्तर नाई देल्लं का? नाटकात मले नुसतं रडत आत जायचं होतं. मी काय म्हनली?

भैयाजी : "मग एकदा हाक मारून पाहा. मी पहिल्याच हाकेला येईन."

रुखमाबाई : पाठ हाय.

भैयाजी : पण ते तुम्ही धनराजला म्हणायच्या.

रुखमाबाई : धनराजकडे पाठ करून? विंगेकडे तोंड करून? डायरेक्टर किती खेकसे माह्यावर, पब्लिककडे पाहा म्हने. मी ऐकली का त्याचं? दर खेळाले तुमाले सांगत होती, अन् तुमी पान उलटत होते.

भैयाजी : मला वाटलं, प्रकाश डोळ्यांवर येत असेल, म्हणून तोंड फिरवता.

रुखमाबाई : प्रकाश! वा रे वाचनारा मानूस!

भैयाजी : आता फार उशीर झाला. लोक काय म्हणतील? भाचा काय म्हणेल?

रुखमाबाई : ते मी पाहून घेईन. त्याहीचं भाषन तुमी कायले करता? तुमचं करा.

भैयाजी : रुखमाबाई, तुम्ही...

रुखमाबाई : ऐकू नाई आलं. अन् बाई कायले? नाटकात बाई नोतं.

भैयाजी : मला जमणार नाही. ओरडता येत नाही मला.

रुखमाबाई : बरं. तुमाले कधी कोनी शब्द देल्ला नाई, म्हनून मी देतो. कान इकडे करा. "रुख..."

भैयाजी : ...रुखमा.

रुखमाबाई : विंगेत नाई बसले तुमी आता.

भैयाजी : रुखमा! रुखमा, घरी चल!

नथ्थू : (खालून) ऐकू आलं जी! इथलोक ऐकू आलं! पन बाईचं काय? वापसीले किती जन?

भैयाजी : रुखमा... त्याला काय सांगू?

रुखमाबाई : तुमी बसा, दम घ्या. ए नथ्थू! डोंग्यातलं पानी उपस, अन् वर ये. माह्या मांडवावर नवं तनस हाय. दोन पेंढ्या घेऊन जा.